स्मृतिभ्रंश, कायदा आणि कुटुंब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, राजकारण, विज्ञान ह्यांवर व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज मी बोलणार आहे ते पासबुक, सातबारा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र ह्यांविषयी. विषय रुक्ष आहे, हे मी आधीच कबूल करतो. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश जडला आहे असे डॉक्टर सांगतात, त्या दिवसापासून त्या घराला जे प्रश्न घेरतात, त्यांतले कितीतरी प्रश्न औषधाचे नसून कायद्याचे आणि पैशाचे असतात. औषधाची चर्चा घरात मोकळेपणाने होते. शेजारी विचारतात, नातेवाईक सल्ला देतात. पैशाची चर्चा मात्र दार लावून, कुजबुजत आणि बहुधा फार उशिरा होते. म्हणूनच ती एकदा उघड्या सभेत करावी असे मला वाटले.

हे दुखणे काही आज उपजलेले नाही. अलोइस अल्झायमर नावाच्या जर्मन वैद्याने १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत एका स्त्रीरुग्णाची हकीकत सांगितली आणि पुढे १९१० साली क्रेपेलिन ह्या नामांकित मनोविकारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात त्या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाचे इतरही प्रकार आहेत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या दोषाने होणारा हा त्यांतला एक. आपल्या देशापुरते बोलायचे, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठी ओलांडलेल्या शंभर माणसांमागे सातांहून अधिकांना हा विकार असावा. एकूण संख्या सुमारे ८८ लाख. म्हणजे आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत, आपल्या वाडीत हे घर कोठे ना कोठे असणारच. कदाचित ते आपलेच असेल.

ह्या विकाराचा एक विशेष नीट ध्यानात घेतला पाहिजे. पक्षाघाताचा झटका माणसाला एका क्षणात आडवा करतो. हा विकार बहुधा पायरीपायरीने उतरतो. आज नाव आठवत नाही, सहा महिन्यांनी हिशेब जमत नाही, दोन वर्षांनी घरचा रस्ता सापडत नाही. निदान झाले त्या दिवशी बहुतेक माणसांची समज पुष्कळ अंशी शाबूत असते. माझे घर कोणते, माझी मुले कोणती, माझ्या पश्चात काय व्हावे, हे त्यांना चांगले कळत असते. निदान आणि समज सरणे ह्यांच्यामध्ये जो काळ मिळतो, तो काहींना महिन्यांचा मिळतो, काहींना वर्षांचा. आज मला जे सांगायचे आहे ते सारे ह्या मधल्या काळाविषयी आहे. ह्या काळात रुग्णाने स्वतः घेतलेला निर्णय हा त्याचा निर्णय असतो. हा काळ टळला, की त्याच्या आयुष्याचे निर्णय दुसरे कोणीतरी घेते, आणि तेही बहुधा न्यायालयाच्या दारात उभे राहून.

कायदा ह्याकडे कसा पाहतो? आपला करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे बारावे कलम फार शहाणपणाचे आहे. करार करणारा मनुष्य सदासर्वकाळ शहाणा असला पाहिजे असे ते म्हणत नाही. ज्या वेळी तो करार करतो त्या वेळी त्याला तो समजत असावा आणि आपल्या हिताहितावर त्याचा काय परिणाम होईल, हे त्याला विवेकाने ठरवता यावे, इतकेच ते मागते. त्या कलमाखाली दिलेली उदाहरणेही बोलकी आहेत. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्णसुद्धा मधूनमधून शुद्धीवर येत असेल, तर त्या अवधीत करार करू शकतो. उलट एरवी ठणठणीत असलेला मनुष्य तापाच्या भ्रमात असेल तोवर करू शकत नाही. १९२५ च्या वारसा कायद्याचे एकोणसाठावे कलम मृत्युपत्राविषयी हेच तत्त्व सांगते. तात्पर्य, कायदा रोगाचे नाव विचारत नाही. त्या दिवशीची, त्या कामापुरती समज विचारतो.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हटले म्हणून वडिलांचा अधिकार संपत नाही. मुलांनी त्यांना वगळून कारभार सुरू करणे न्यायाला धरून नाही. ही पहिली. दुसरी अशी की, समज गेल्यावर हाताला धरून करून घेतलेली सही ही सही नव्हे. बोट शाईत बुडवून कागदावर टेकवता येते; संमती अशी टेकवता येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आपण त्यांना अण्णा म्हणू. निवृत्तिवेतन आहे, बँकेत मुदतीच्या ठेवी आहेत, गृहनिर्माण संस्थेत एक सदनिका आहे, गावी भावांबरोबर सामाईक शेतजमीन आहे. सहचारिणी हयात आहे. एक मुलगा अमेरिकेत, मुलगी जवळ राहणारी. अण्णांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. मुलगी म्हणाली, आता कागदपत्रांचे पाहिले पाहिजे. त्यावर मावशीने तिला गप्प केले: ‘अगं, बाप जिवंत आहे आणि तू मृत्युपत्राचं काय बोलतेस? अभद्र कशाला?’ अमेरिकेतल्या मुलाने फोनवर सांगितले, ‘मी दिवाळीत येतो, मग बघू.’ अशा दोन दिवाळ्या गेल्या. तिसऱ्या दिवाळीला मुलगा आला तेव्हा अण्णांनी त्याला विचारले, ‘आपण कोण?’ ह्या घरात वाईट कोणीच नव्हते. मावशीचा जीव अण्णांवर होता, मुलाचाही होता. पण सौजन्यापोटी आणि संकोचापोटी मधला काळ निघून गेला.

अशा घरांतून पुढे जी वाट काढली जाते, ती समजुतीच्या गफलतींनी भरलेली असते. त्यांतली सर्वांत मोठी गफलत मुखत्यारपत्राची. ‘आमच्याकडे अण्णांचे कुलमुखत्यारपत्र आहे, मग काळजी कसली?’ असे लोक निर्धास्तपणे सांगतात. त्याच करार कायद्याचे २०१ वे कलम पाहा. मुखत्यार नेमणारा मृत्यू पावला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण छत्री घेतली, नेमका त्याच दिवशी ती मिटते. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न होता. तेथे १९८५ साली समज गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या कायद्याने त्याला अधिक व्यापक रूप दिले. आपल्याकडे असा कायदा अद्याप नाही. तरीही मुखत्यारपत्र अगदीच निरुपयोगी असे मी म्हणत नाही. मधल्या काळात, अण्णांना समजते आहे पण बँकेत जाववत नाही अशा दिवसांत, ते फार कामाचे असते. शिवाय मुखत्यारी संपल्यावरही हाती असलेल्या हिताचे रक्षण करण्यासाठी योग्य ती पावले उचलण्याचे कर्तव्य २०९ वे कलम मुखत्यारावर घालते. पण रक्षण करणे वेगळे आणि घर विकणे वेगळे.

दुसरी गफलत नामनिर्देशनाची. ठेवीवर मुलीचे नाव लावले आहे, म्हणून तिला आता पैसे काढता येतील असा समज असतो. नामनिर्देशन खातेदाराच्या मृत्यूनंतर जागे होते. तो हयात असेतोवर त्या नावाला कवडीचा अधिकार नसतो. आणि मृत्यूनंतरसुद्धा ते नाव पैसे स्वीकारणाऱ्याचे असते, मालकाचे नव्हे. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ साली सांगितले, आणि कंपन्यांच्या भागांबाबत २०२३ साली. बँकेच्या खात्यावर नोव्हेंबर २०२५ पासून चार नावांपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. सोय चांगली आहे, पण तिनेही हे तत्त्व बदललेले नाही.

मग मधल्या काळात करावे काय? मी क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी यादी. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि अण्णांना शेजारी बसवून, त्यांच्याच तोंडून, लिहीत जावे: खाती कोठे आहेत, ठेवी किती, विमा कोणता, लॉकरची किल्ली कोठे, संस्थेचे भागपत्र कोठे, सातबारा आणि आठ-अ चे उतारे कोणत्या गटाचे, कोणाला हातउसने दिले आहेत, कोणाचे देणे आहे. पुष्कळ घरांतून ही माहिती एकाच डोक्यात असते, आणि विकार नेमका त्याच डोक्यावर घाला घालतो. ह्या कामाला वकील लागत नाही, मुद्रांक लागत नाही. दोन-चार संध्याकाळी पुरतात. आणि आपल्याला विचारले जात आहे ह्याचे समाधान त्या माणसाला लाभते, ते निराळेच.

त्यानंतर रोजचा पैसा. नवराबायकोचे खाते दोघांपैकी कोणीही चालवावे अशा पद्धतीचे करून घ्यावे. मुदतीच्या ठेवींबाबत एक बारकावा आहे. खाते संयुक्त असले तरी मुदतीपूर्वी ठेव मोडायची झाल्यास साधारणतः दोघांच्याही सह्या लागतात. तेव्हा ह्याबाबत बँकेला कोणती लेखी सूचना देता येते, ते अण्णांची सही चालते आहे तोवरच विचारून घ्यावे. मुलीचे नाव खात्याला जोडायचे असेल तर ते कशासाठी जोडले, सोयीसाठी की मालकीसाठी, हे एका कागदावर लिहून ठेवावे. उद्याची भावाबहिणींची भांडणे ह्या एका ओळीने टळतात. सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सांगितले आहे. ती मागून घ्यावी. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता घरबसल्याही देता येतो.

आणि अण्णांच्या खिशात थोडे पैसे राहू द्यावेत. मोठ्या रकमेचे खाते निराळे करावे, टेलिफोनवरून गोड बोलून पैसे उपटणाऱ्या भामट्यांपासून त्याचे रक्षण करावे, हे योग्यच. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे घर चालवले, त्याला भाजीवाल्यापुढे हात हलवत उभे करू नये. एका लहान खात्यात महिन्याच्या खर्चापुरती रक्कम ठेवावी. ती चुकून दोनदा खर्च झाली तरी कोणी बुडत नाही.

आता मृत्युपत्र. ह्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लिहिणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार एवढे कायदा मागतो. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मृत्युपत्रावर पुढे हल्ला होणार हे धरूनच चालावे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात एका मृत्युपत्राचा निकाल लागला. निकालपत्र लिहिले ते आपल्या साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तिचे निरसन करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते, आणि ज्याचा लाभ व्हायचा त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर तीही एक संशयाची जागा होय, असे त्या निकालाचे सूत्र आहे. इतक्या वर्षांनंतरही आपली न्यायालये त्याच निकालाचा आधार घेतात. त्यावरून सामान्य माणसाने शिकायचे ते हे. ज्याला अधिक मिळणार आहे, त्याने वकील आणू नये, साक्षीदार जमवू नयेत, खोलीतही बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून दाखला द्यावा. ते स्वतः साक्षीदार झाले तर उत्तमच. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करावी. नोंदणीने सारे सिद्ध होते असे नाही, पण एका तिऱ्हाईत अधिकाऱ्यासमोर हा मनुष्य बसला होता आणि बोलला होता, एवढे तरी राहते.

आणि समज कशी ओळखावी? १८७० साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात ह्याची कसोटी घातली गेली, ती आपल्याकडेही चालते. आपण मृत्युपत्र करीत आहोत हे त्याला कळते का? आपली मिळकत साधारण काय आहे हे कळते का? आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोहोचतो हे लक्षात आहे का? आणि एखाद्या भ्रमाने त्याचे मन ह्या बाबतीत कलुषित झालेले नाही ना? आज वार कोणता, हे ह्या प्रश्नांत नाही. वार विसरलेला मनुष्य मुलीला विसरलेला असतोच असे नाही.

बक्षीसपत्राविषयी मात्र मी सावधगिरीचा सल्ला देईन. पुढ्यातले ताट दिले तरी बसायचा पाट सोडू नये असे जुनी माणसे सांगत आली, ते उगीच नव्हे. मृत्युपत्र हयातीत बदलता येते. बक्षीसपत्राने घर गेले की गेले. करायचेच असेल, तर देणाऱ्याचा आजन्म सांभाळ करण्याची अट त्या लेखातच स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाखाली अशी अट मोडणाऱ्याकडून मिळकत परत मागता येते. पण अट असल्याचे दिसत नाही म्हणून दाद न मिळाल्याचा २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे.

मिळकत मोठी असेल, किंवा सांभाळायला जवळचे कोणी नसेल, तर १८८२ च्या कायद्याखाली खासगी न्यास करण्याचा मार्ग विचारात घ्यावा. समज आहे तोवर अण्णा आपली काही मिळकत विश्वस्तांच्या हाती सोपवतात आणि ती आपल्या व पत्नीच्या पालनपोषणासाठी वापरावी असे लिहून देतात. पुढे अण्णांची समज गेली तरी विश्वस्तांचा अधिकार जात नाही. मुखत्यारपत्र जेथे तुटते तेथे न्यास टिकतो. ह्यात नोंदणी, मुद्रांक, हिशेब आले. तेव्हा जाणत्या वकिलाला विचारूनच करावे.

पैशाइतकाच शरीराचाही प्रश्न आहे. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याखाली, पुढे आपली समज गेल्यास मानसिक उपचार कसे व्हावेत हे मनुष्य आधीच लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. ही नेमणूक साध्या कोऱ्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी होते. अखेरच्या आजारात कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवावे की नाही, ह्याविषयीचे निवेदन करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडे एकमेकांकडे पाहत उभी राहतात, त्या घटकेला अण्णांचे स्वतःचे चार शब्द हाती असणे ही केवढी सोडवणूक आहे!

हे सारे करायचे राहून गेले तर? वाट बंद होत नाही, पण ती लांब आणि खडतर होते. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मिळकतीसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने तो रद्द केला आणि मिळकतीविषयी स्वतः काही सांगितले नाही. त्यामुळे कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली, शुद्ध हरपलेल्या रुग्णांच्या बाबतीत, अशा नेमणुकांसाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली अशाच एका रुग्णाच्या पत्नीला पालक नेमले. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. तिचा उपयोग होईल का, हेही वकिलाला विचारावे. पण वैद्यकीय तपासण्या, चौकशा, प्रतिज्ञापत्रे, तारखा हे सारे त्या घरावर येते, जे घर आधीच रात्रीची झोप हरवून बसले आहे. जे काम अण्णा एका दुपारी करू शकले असते, त्यासाठी पत्नीला न्यायालयात सिद्ध करावे लागते की, माझा नवरा आता काहीच समजत नाही. हे सिद्ध करण्याची पाळी कोणाही गृहिणीवर येऊ नये.

शेवटी एक मुद्दा, जो कोणत्याच कलमात नाही. ह्या दुखण्याचा मुख्य खर्च औषधांचा नसतो, माणसांचा असतो. रात्रंदिवस कोणीतरी जवळ लागते, आणि हे ‘कोणीतरी’ बहुधा मुलगी किंवा सून असते. ती नोकरी सोडते, आणि तिने काय सोडले ह्याची नोंद कोठेही होत नाही. उलट पासबुक तिच्याच हाती असल्याने संशयही तिच्यावरच येतो. म्हणून माझी सूचना अशी की, जो सांभाळतो त्याने रोजचा जमाखर्च वहीत लिहावा, आणि दर महिन्याला त्याची प्रत सगळ्या भावंडांना पाठवावी. जो दूर आहे त्याने फोनवरून उपदेश पाठवण्याऐवजी ठरलेली रक्कम पाठवावी. आणि सांभाळणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला अण्णांच्या संमतीने, लेखी, आधीच ठरवावा. प्रेमाचा हिशेब करू नये हे खरे. पण हिशेब न ठेवल्याने मोडलेली प्रेमाची नाती वकिलांच्या ओट्यावर रोज दिसतात.

मित्रहो, मृत्युपत्राचा विषय काढला म्हणून कोणी मरत नाही, आणि न काढल्याने कोणी जगत नाही. घरातल्या वृद्ध माणसासमोर हा विषय काढणे अभद्र आहे ही समजूत आपण सोडली पाहिजे. ‘अण्णा, तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला सांगा, आम्ही ते लिहून ठेवतो,’ हे वाक्य त्यांच्या आयुष्याचा शेवट जवळ आणणारे नाही. त्यांच्या आयुष्यावरचा त्यांचा अधिकार मान्य करणारे आहे. ते वाक्य बोलण्याची मुदत कायद्याने ठरवून दिलेली नाही. ती दुखणे ठरवते, आणि ते कोणालाही नोटीस देत नाही.